डोळे वटारलेले कीं रोगानें बाहेर आलेले?

आपल्या भाषेनें डोळ्यांवर जितका भार टाकिला आहे, तितका दुसऱ्या कोणत्याहि इंद्रियावर टाकिला नसेल. राग आला म्हणजे माणूस डोळे वटारतो, लोभ सुटला म्हणजे त्याचा एखाद्या वस्तूवर डोळा असतो, संपत्ति आली म्हणजे त्याचे डोळे फिरतात, आणि संकट ओढवलें म्हणजे तेच डोळे पांढरे होतात. डोळ्यांवरून मनाची परीक्षा करण्याची ही संवय आपल्या अंगीं इतकी मुरली आहे कीं, एखाद्याचे डोळे मोठे व ताठ दिसले तर त्याचें कारण त्याच्या शरीरांत असूं शकेल अशी शंकाहि आपणांस येत नाहीं. पस्तीस वर्षें वर्गांत उभें राहून मुलांच्या डोळ्यांवरून खरें-खोटें ओळखण्याचा धंदा केलेल्या माझ्यासारख्या माणसाला तर ती मुळींच आली नाहीं. आणि त्या चुकीची आठवण हेंच या लेखाचें निमित्त होय.

माझी भाची एका प्राथमिक शाळेंत शिक्षिका आहे. स्वभावानें शांत, बोलणें हळू, आणि मुलांवर जीव टाकणारी. चार वर्षांपूर्वीं संक्रांतीला ती आमच्या घरीं आली, तेव्हां पार बदललेली दिसली. अंग झडलें होतें. पौषांतल्या थंडींतहि ती पंख्याखालीं बसे. चहाचा पेला उचलतांना बशी वाजे. आणि समोरच्याकडे अशी टक लावून पाही कीं, पाहणाऱ्यानेंच ओशाळें व्हावें. माझ्या पत्नीनें गुळाच्या पोळीचें ताट पुढें केलें, तेव्हां ती 'नको, मामी' एवढेंच म्हणाली. पण त्या डोळ्यांमुळें तें उत्तर तुसडें वाटलें. रात्रीं मीं तिला जवळ बसविलें आणि क्रोधाचे दोष समजावून सांगितले. 'बाळ, आज गोड बोलण्याचा दिवस; आणि शिक्षकाच्या डोळ्यांत इतका राग असूं नये, मुलें भितात,' असेंहि म्हटलें. ती एकदम रडूं लागली. 'मामा, मी रागावलेली नाहींच. मला डोळे पुरते मिटतांच येत नाहींत. रात्रीं झोपेंतसुद्धां थोडे उघडे राहतात,' असें ती म्हणाली. वर्गांतलीं मुलें पाठीमागें तिला 'वटारबाई' म्हणतात, हेंहि तिनें तेव्हांच सांगितलें. पस्तीस वर्षें मुलांना 'आधीं प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा' असें सांगत आलेल्या माझी मान त्या वेळीं खालीं गेली.

दुसरे दिवशीं तिला घेऊन आम्ही आमच्या परिचयाच्या एका डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं तिचे हात पुढें करवून पसरलेल्या बोटांवर कागदाचा एक कपटा ठेविला. तो थरथरूं लागला. नाडी मोजली, ती मिनिटास ११६ भरली. मग तिला घोटभर पाणी प्यावयास देऊन गिळतांना गळ्याकडे निरखून पाहिलें, आणि शेवटीं पांच-सहा वर्षांपूर्वींचें एखादें छायाचित्र आहे काय असें विचारिलें. तिच्या ओळखपत्रावरचें चित्र तेवढें जवळ होतें. तें चित्र व समोरचा चेहरा यांत जो फरक होता, तो पाहिल्यावर निदान करावयाला रक्ताच्या तपासणीची वाट पाहण्याची गरज उरली नाहीं. तपासणीनें मागाहून त्याला दुजोरा मात्र दिला.

गळ्याचा रोग डोळ्यांत कसा उतरतो?

आपल्या कंठाच्या पुढच्या बाजूस, घाटीच्या खालीं, फुलपांखराच्या आकाराची व सुमारें २० ग्रॅम वजनाची थायरॉइड नांवाची ग्रंथि असते. शरीरांतील अग्नीचा जाळ कमी-अधिक ठेवणें हें तिच्या रसाचें काम. तो रस वाजवीपेक्षां अधिक झरूं लागला म्हणजे हृदय धांवतें, अन्न जळून जातें, उष्मा सोसत नाहीं, हात कांपतात व झोंप उडते. हें समजण्यासारखें आहे. परंतु गळ्यांतल्या ग्रंथीचा आणि डोळ्यांचा संबंध काय?

संस्कृत वैद्यकाची आवड असणाऱ्यांस येथें सुश्रुताची आठवण होईल. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत गलगंडाचें वर्णन आहे, आणि उत्तरतंत्रांत नेत्राचे ७६ रोग सांगितले आहेत. तथापि या दोहोंची सांगड तेथें घातलेली नाहीं, आणि जें श्रेय त्या थोर आचार्याचें नव्हे तें त्यास चिकटविण्यानें त्याचा गौरव होत नाहीं. गळ्याची गांठ व बाहेर आलेले डोळे यांची एकत्र नोंद बाराव्या शतकांतील इराणी वैद्य अल-जुर्जानी याच्या ग्रंथांत आढळते. अर्वाचीन काळीं इंग्लंडांतील बाथ शहरचा वैद्य कॅलेब पॅरी यानें असे रोगी पाहून टिपून ठेविले होते; तें लिखाण त्याच्या मृत्यूनंतर १८२५ सालीं प्रसिद्ध झालें. १८३५ सालीं डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यानें अशा स्त्रियांची हकीकत छापली. त्यानें वर्णिलेल्या एकीच्या पापण्या झोपेंतहि मिटत नसत. १८४० सालीं जर्मनींतील मेर्सेबुर्ग गांवच्या कार्ल फॉन बेसडो यानें गळ्याची गांठ, बाहेर आलेले डोळे आणि छातीची धडधड या त्रयीचें वर्णन केलें. म्हणून इंग्रजी वैद्यकांत या रोगास ग्रेव्ह्जचें व जर्मन वैद्यकांत बेसडोचें नांव पडलें.

तरीहि कारण उमगावयास आणखी शंभरांवर वर्षें लागलीं. १९५६ सालीं न्यूझीलंडमधील ॲडम्स व पर्व्हिस या दोघांना अशा रोग्यांच्या रक्तांत ग्रंथीस चेतविणारें एक निराळेंच द्रव्य सांपडलें, आणि तें शरीराचेंच प्रतिद्रव्य आहे असें पुढें सिद्ध झालें. बाहेरून आलेल्या जंतूंशीं लढण्यासाठीं रक्तांत जें सैन्य असतें, तें या रोगांत आप-पर-भाव विसरतें. मेंदूच्या तळाशीं असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीचा निरोप घेण्यासाठीं थायरॉइडच्या पेशींवर जी जागा असते, तिच्यावर हीं प्रतिद्रव्यें जाऊन बसतात; वरिष्ठांचा हुकूम आला असें समजून बिचारी ग्रंथि रात्रंदिवस राबत राहते. दुर्दैवानें डोळ्यामागच्या कांहीं पेशींवरहि तशीच जागा असते. तेथें हा खोटा हुकूम पोंचला म्हणजे त्या पेशी पाणी शोषून फुगणारा एक चिकट पदार्थ तयार करतात, कांहींची चरबी बनते, आणि डोळा फिरविणारे स्नायु सुजून जाड होतात.

आतां जागेचा हिशेब पाहा. डोळ्याची खोबण म्हणजे सात हाडांची, पुढें रुंद व मागें निमुळती होत गेलेली कोठडी. तींत सुमारें ३० घन सेंटिमीटर जागा. पैकीं सुमारें ७ घन सेंटिमीटर नेत्रगोलाची, आणि बाकीच्या जागेंत सहा स्नायु, चरबी, रक्तवाहिन्या, मज्जातंतु व अश्रुपिंड दाटीवाटीनें नांदतात. चारी बाजूंस हाड. उघडी बाजू काय ती पुढची. आंतलें सामान फुगलें कीं, डोळ्याला पुढें येण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. त्यांतच वरच्या पापणीस उचलून धरणारे स्नायुहि आंखडतात, म्हणून बुबुळाच्या वरचा पांढरा भाग उघडा पडतो व चेहऱ्यावर कायमचें भय किंवा क्रोध उमटल्यासारखें दिसतें. पापण्या क्वचित् लवतात, खालीं पाहतांना वरची पापणी मागें रेंगाळते, डोळे वाऱ्यानें चुरचुरतात व पाझरतात. सुजलेले स्नायु दोन्ही डोळ्यांस एका दिशेनें वळूं देत नाहींत, म्हणून एकाच्या दोन वस्तु दिसूं लागतात.

हा रोग पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक. पण पुरुषांस व वयस्कांस झाला तर डोळ्यांचा जोर बहुधा जास्त असतो. तो स्पर्शानें पसरत नाहीं. अमेरिकेचे थोरले अध्यक्ष बुश यांच्या पत्नी बार्बरा यांना १९८९ सालीं हा रोग झाला, त्यांच्या डोळ्यांसहि त्याचा त्रास झाला, आणि १९९१ सालीं स्वतः अध्यक्षांनाहि हाच रोग असल्याचें आढळलें. तथापि तो एकापासून दुसऱ्यास लागलेला नव्हता.

आग विझूं द्यावी, मग घर दुरुस्त करावें

आम्हां अडाण्यांची अशी समजूत होती कीं, गोळ्यांनीं गळ्याची ग्रंथि ताळ्यावर आली म्हणजे डोळेहि आपोआप जागेवर बसतील. चार महिन्यांत भाचीची नाडी उतरली, वजन वाढलें, हाताचा कंप गेला. डोळे मात्र अधिकच पुढें आले. तेव्हां नेत्रवैद्यांनीं आम्हांस जें समजाविलें तें प्रत्येक कुटुंबानें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. ग्रंथीचा रोग व डोळ्यांचा रोग हीं एकाच बापाचीं दोन मुलें आहेत. एकाला शिक्षा केल्यानें दुसरें सुधारतेंच असें नाहीं. तरी ग्रंथि काबूंत ठेवणें अवश्य, कारण रस फार वाढला किंवा फार घटला तरी डोळे बिघडतात. ग्रंथि जाळण्यासाठीं किरणोत्सर्गी आयोडीन देण्याची जी रीत १९४१ पासून सुरू झाली, तिनें कांहीं रोग्यांचे डोळे वाढतात. म्हणून डोळ्यांचा रोग जागा असतां ती टाळतात, किंवा सोबत स्टिरॉइड देतात.

डोळ्यांच्या या रोगाच्या दोन अवस्था असतात. पहिली दाहाची; ती बहुधा सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत, क्वचित् त्याहूनहि अधिक टिकते. तींत डोळे लाल होतात, सुजतात, दुखतात व पुढें येत जातात. मग दाह शमतो, थोडी सुधारणा होते, आणि जें उरतें तें व्रणासारखें घट्ट होऊन बसतें. या चढ-उताराची रेषा फ्रान्सिस रंडल या ऑस्ट्रेलियन शस्त्रवैद्यानें १९४५ च्या सुमारास काढून दाखविली व आजहि ती त्याच्याच नांवानें ओळखली जाते. औषधांचा उपयोग पहिल्या अवस्थेंत, शस्त्राचा दुसऱ्या. घर जळत असतां कोणी गवंड्याला बोलावीत नाहीं. आग विझली, भिंती थंड झाल्या, म्हणजे दुरुस्ती करावयाची. म्हणून डोळ्यांचें माप निदान सहा महिने स्थिर राहिल्याशिवाय शहाणा शस्त्रवैद्य चाकू हातीं घेत नाहीं. हें माप घेण्याचें यंत्र हर्टेल नांवाच्या जर्मन नेत्रवैद्यानें १९०५ सालीं तयार केलें. कानशिलाकडच्या हाडाच्या कडेपासून बुबुळ किती मिलिमीटर पुढें आहे, तें त्यांतील आरशांत दिसतें. भाचीचा उजवा डोळा २४ व डावा २२ भरला.

या वाट पाहण्याच्या काळांत करण्यासारखें पुष्कळ असतें. दिवसां कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्रीं मलम, उशाशीं उंची, बाहेर जातांना काळा चष्मा, या साध्या उपायांनीं बुबुळ कोरडें पडून व्रण होण्याचें टळतें. दाह जोराचा असेल तर आठवड्यांतून एकदां शिरेंतून स्टिरॉइड अशा बारा आठवड्यांच्या मात्रा देतात. सौम्य रोगांत सेलेनियम या मूलद्रव्याच्या गोळ्या सहा महिने घेतल्यानें गुण येतो असें युरोपांतील एका अभ्यासांत २०११ सालीं आढळलें. पण त्याहि वैद्याच्या सल्ल्यावांचून घेऊं नयेत. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तंबाखूचा धूर. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हा नेत्ररोग अधिक होतो, अधिक जोरानें होतो, व औषधांस कमी दाद देतो. घरांत असा रोगी असेल तर पुरुषांनीं ओसरीवर जाऊन ओढण्यांत समाधान मानूं नये. ती संवयच सोडावी.

कुंकवाचा रंग

परंतु एक प्रसंग असा येतो कीं, तेथें आग विझण्याची वाट पाहतां येत नाहीं. खोबणीच्या निमुळत्या टोंकांतून दृष्टीचा मज्जातंतु मेंदूकडे जातो. तेथेंच स्नायूंचीं मुळें असतात. तीं फुगलीं म्हणजे तो तंतु दारांत सांपडलेल्या बोटाप्रमाणें चेपला जातो, आणि वेळींच मोकळा न केल्यास दृष्टि कायमची जाते. शंभर रोग्यांत सुमारें पांचांवर ही पाळी येते. विशेष हें कीं, त्या वेळीं डोळा फारसा पुढें आलेला असतोच असें नाहीं. उलट जो पुढें येऊं शकत नाहीं, त्याच्या आंतला दाब अधिक होतो. याची पहिली खूण म्हणजे रंग फिके पडणें, आणि त्यांतहि तांबडा. नेत्रवैद्यांनीं औषधाच्या बाटलीचें तांबडें टोपण भाचीच्या एकेका डोळ्यापुढें धरून ती परीक्षा आम्हांस शिकवून ठेविली होती.

वटपौर्णिमेच्या सकाळीं ती माझ्या पत्नीबरोबर पूजेचें ताट मांडीत होती. 'मामी, हें कुंकू जुनें झालें कां? कातासारखें दिसतंय,' असें ती सहज म्हणाली. कुंकू आदल्याच दिवशीं आणलेलें होतें. मी बाहेरच्या खोलींत वर्तमानपत्र वाचीत होतों. तें तसेंच टाकून आंत गेलों आणि तिला एकेक डोळा झांकून पाहावयास सांगितलें. डाव्या डोळ्यानें तें लाल दिसे; उजव्यानें मातकट. संक्रांतीला विचारावयास चुकलेला मी या वेळीं चुकलों नाहीं, एवढेंच काय तें समाधान. दुपारच्या आंत आम्ही रुग्णालयांत पोंचलों.

तीन दिवस शिरेंतून मोठ्या मात्रेनें स्टिरॉइड दिलें. डाव्या डोळ्याची सूज उतरली; उजव्याचे रंग परतले नाहींत, आणि तक्त्यावरच्या खालच्या ओळी दिसेनात. अशा वेळीं औषधाची वाट आठवडा-दोन आठवड्यांहून अधिक पाहत नाहींत. दुसऱ्या आठवड्यांत शस्त्रक्रियेचें ठरलें. त्या रात्रीं भाचीनें मला एकच प्रश्न विचारला : 'मामा, डोळा जाईल कां?' मीं तो प्रश्न दुसरे दिवशीं शस्त्रवैद्यांना जसाच्या तसा विचारला. त्यांनीं उत्तर दिलें कीं, शस्त्रक्रियेनें डोळा जाण्याचा संभव अगदीं थोडा आहे, न केल्यास तो जाण्याचा संभव मोठा आहे. हें सरळ उत्तर ऐकून तिनें कागदावर सही केली.

भिंती पाडण्याची युक्ति

ही शस्त्रक्रिया म्हणजे डोळ्यावरची नव्हे, डोळ्याच्या घरावरची. सामान कमी करतां येत नसेल तर घर मोठें करावें, असा तिच्यांतील साधा विचार. सुदैवानें या घराच्या शेजारीं निसर्गानें रिकाम्या खोल्या ठेविल्या आहेत. नाकाच्या बाजूस व गालाच्या हाडांत ज्या हवेच्या पोकळ्या असतात, ज्यांस सायनस म्हणतात, त्या खोबणीस लागूनच आहेत, आणि मधली भिंत अगदीं पातळ. नाकाकडची तर इतकी कीं, शरीरशास्त्रज्ञांनीं तिचें लॅटिन नांवच कागदावरून ठेविलें. ती काढून टाकिली म्हणजे फुगलेले स्नायु व चरबी त्या मोकळ्या जागेंत सरकतात, मज्जातंतूवरील दाब उतरतो आणि डोळा मागें जातो.

पहिल्या पंचवीस वर्षांत शस्त्रवैद्यांनीं या कोठडीच्या चारी भिंती एकामागून एक पाडून पाहिल्या. १९११ सालीं बुडापेस्टच्या डोलिंगर यानें कानशिलाकडची भिंत काढली. या वाटेनें आंत शिरण्याची रीत झूरिकच्या क्रोनलाइन यानें खोबणींतील गांठीं काढण्यासाठीं पूर्वींच घालून दिली होती. १९३० सालीं व्हिएन्नाच्या ऑस्कर हिर्श यानें खालची जमीन फोडली. १९३१ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉवर्ड नॅफ्झिगर यानें कवटी उघडून वरचें छत काढलें; हें काम फार मोठें, आणि त्यानंतर कांहीं रोग्यांच्या डोळ्यांत मेंदूचे ठोके उमटलेले दिसत. १९३६ सालीं सिवॉल यानें नाकाकडची भिंत काढली. पुढें १९५७ सालीं अमेरिकेंतील वॉल्श व ओगुरा यांनीं वरच्या हिरडीवरून गालाच्या पोकळींत शिरून नाकाकडची व खालची अशा दोन भिंती एकाच वाटेनें काढण्याची पद्धति प्रसिद्ध केली. चेहऱ्यावर व्रण राहत नसल्यानें ती पुष्कळ वर्षें चालली. १९९० पासून नाकांतून बारीक दुर्बीण घालून हेंच काम होऊं लागलें. कांहीं शस्त्रवैद्य हाडास हात न लावतां डोळ्यामागची चरबीच काढतात. ती रीत जर्मनींतील ओलिवारी यानें १९९१ सालीं पुढें आणिली. आज सी. टी. स्कॅनमध्यें कोणाचे स्नायु जाड झाले आहेत व कोणाची चरबी वाढली आहे तें आधीं पाहून, ज्याला जेवढें हवें तेवढेंच काढतात. नुसत्या चरबीनें डोळा साधारण दोन-तीन मिलिमीटर, दोन भिंतींनीं चार ते सहा, आणि तीन भिंती व चरबी मिळून आठ-दहापर्यंतहि मागें जाऊं शकतो. कापण्याच्या जागा पापणीच्या आंत, डोळ्याच्या कोपऱ्यांत किंवा नाकांत असल्यामुळें बाहेरून बहुधा कांहीं दिसत नाहीं.

धोके नाहींत असें मात्र नव्हे, आणि ते सांगण्याचें टाळणाऱ्यावर विश्वास ठेवूं नये. रक्तस्राव होऊं शकतो. गाल, वरचा ओंठ व पुढचे दांत यांस बधिरता येते, ती बहुतेकांची कांहीं महिन्यांत जाते. क्वचित् मेंदूभोंवतीचें पाणी झिरपतें. दृष्टि जाणें अत्यंत विरळ. सर्वांत अधिक आढळणारा दोष म्हणजे दुहेरी दिसणें. पूर्वीं नव्हतें त्यालाहि तें येऊं शकतें, कारण भिंत गेली कीं स्नायूंची ओढ बदलते. बाहेरची व आंतली भिंत तोलानें काढल्यास तें कमी होतें.

भाचीच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुरी भूल देऊन झाली. नाकाकडची भिंत अगदीं मागपर्यंत व जमिनीचा कांहीं भाग काढला. पंधरा दिवस नाक शिंकरूं नये अशी सक्त ताकीद होती, कारण नाकांतली हवा थेट डोळ्यामागें शिरते. चौथ्या दिवशीं डॉक्टरांनीं तें बाटलीचें टोपण पुन्हां तिच्यापुढें धरलें. तिनें डावा डोळा हातानें झांकला, बराच वेळ पाहिलें, आणि 'तांबडें' असें म्हटलें. माझी पत्नी बाहेर जाऊन उभी राहिली.

तीन पायऱ्या, याच क्रमानें

दृष्टि वांचली, पण त्रास संपला नाहीं. तिला आतां सर्व कांहीं दुहेरी दिसूं लागलें. जिन्याला दोन कठडे, आरशांत दोन चेहरे, मुलांच्या वहींत एका ओळीवर दुसरी ओळ. चष्म्याच्या एका कांचेवर धुरकट पट्टी चिकटवून, म्हणजे एका डोळ्यास मुद्दाम रजा देऊन, ती वह्या तपाशी. बिनपगारी रजा वाढत गेली, आणि नोकरी सोडण्याचा अर्ज तिनें एकदां लिहूनहि ठेविला होता. तो मीं मागून घेतला व माझ्या पेटींत ठेविला.

याहि रोगाची दुरुस्ती क्रमानेंच करावी लागते : आधीं खोबण, मग स्नायु, शेवटीं पापण्या. घर बांधतांना भिंतीआधीं कोणी पडदे लावीत नाहीं. खोबण मोठी केली कीं डोळ्यांचा तोल बदलतो, म्हणून तिरळेपणाची शस्त्रक्रिया तिच्या मागून. आणि स्नायु हलविले कीं पापण्यांची उंची बदलते, म्हणून पापण्यांची त्याहि मागून. ज्याला पहिल्या पायरीची गरज नसेल त्यानें दुसरीपासून आरंभ करावा. पण मागची पायरी पुढें घेऊं नये.

दाह शमून माप सहा महिने स्थिर राहिल्यावर तिच्या स्नायूंचें काम झालें. या रोगांत स्नायु दुबळा नसतो. तो आंखडून दोरासारखा ताठ झालेला असतो, आणि बहुधा डोळ्याखालचा स्नायु सर्वांत अधिक. त्याला नेत्रगोलावरून सोडवून थोडा मागें बसवितात. कांहीं वेळां टांका ओढतां-सोडतां येईल असा ठेवून, रोगी शुद्धीवर आल्यावर त्यास समोर पाहावयास लावून गांठ मारतात. वीणेची तार लावण्यासारखाच हा प्रकार. त्यानंतर तीन महिन्यांनीं पापण्या झाल्या. वरची पापणी ओढून धरणारे स्नायु सैल करून ती खालीं आणिली. हें काम जागेपणींच, जागा बधिर करून, करतात. कारण रोग्यानें डोळा उघडून दाखविल्याशिवाय पापणी किती उतरली तें समजत नाहीं. खालची पापणी फार ओढलेली असेल तर तिला टेकू म्हणून टाळूच्या आंतली त्वचा किंवा कानाची कूर्चा बसवितात. संक्रांतीपासून या शेवटच्या टांक्यापर्यंत अडीच वर्षें गेलीं.

औषधांच्या बाजूनेंहि प्रगति थांबलेली नाहीं. २०२० च्या जानेवारींत अमेरिकेंत टेप्रोटुमुमॅब या औषधास मान्यता मिळाली. तीन-तीन आठवड्यांच्या अंतरानें शिरेंतून आठ मात्रा दिल्यानें पुष्कळ रोग्यांचे डोळे शस्त्रावांचून दोन-तीन मिलिमीटर मागें गेले. परंतु तें फार महाग आहे, कांहींच्या श्रवणशक्तीस व रक्तांतील साखरेस अपाय करतें, आणि तें थांबविल्यावर कांहींचा रोग उलटतो. व्रण होऊन घट्ट झालेल्या स्नायूंस व चेपलेल्या मज्जातंतूस अजूनहि शस्त्राचाच आधार आहे.

घरच्यांनीं काय पाहावें?

एखाद्या माणसाचा चेहरा बदलला असें वाटलें तर जुनें छायाचित्र काढून शेजारीं ठेवावें. वजन उतरणें, कंप, धडधड, उष्मा यांपैकीं कांहीं सोबत असेल तर रक्त तपासून घ्यावें; पण ग्रंथीचें माप बरोबर असूनहि कांहींचे डोळे या रोगानें बाहेर येतात, हेंहि विसरूं नये. रंग फिके पडले, दिसणें अंधुक झालें, किंवा मिटत नसलेल्या डोळ्यांत वेदना व पांढरा डाग दिसला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये. शस्त्रक्रिया अशा वैद्याकडे करावी कीं, जो नेत्रगुहेचेंच काम नेहमीं करतो व ग्रंथीच्या वैद्याशीं विचारविनिमय ठेवतो.

भाची आतां शाळेंत परत गेली आहे. डोळे पूर्वींसारखे झाले असें मी म्हणणार नाहीं. उजवा थोडा मागें वाटतो, आणि मान न उचलतां अगदीं वर पाहिलें तर तिला अजून दोन दिसतात. म्हणून फळ्याच्या वरच्या कडेला ती लिहीत नाहीं. मुलांनीं ठेवलेलें तें नांव मात्र मागें पडलें आहे. तिचा राजीनाम्याचा कागद अजून माझ्या पेटींत आहे. तो परत दे असें तिनें म्हटलें नाहीं व मींहि दिला नाहीं. वाचकांस एकच विनंति आहे. कोणाचे डोळे ताठ व रागीट दिसूं लागले तर त्यास गोड बोलण्याचा उपदेश करण्यापूर्वीं, रात्रीं झोपतांना डोळे पुरते मिटतात ना, एवढें विचारावें. मीं त्या संक्रांतीला तें विचारलें नव्हतें.